सुलेमानिये पाहताना: घुमटाचं ओझं जातं कुठे?

जेवण झाल्यावर पानातला रिकामा द्रोण पालथा घाला आणि तळव्यानं वरून हलकेच दाबा. द्रोण मोडत नाही, आधी त्याच्या कडा बाहेर पसरतात. आता दोन्ही हातांनी त्या कडा धरून ठेवा आणि दाबायचं काम दुसऱ्या कुणाला तरी सांगा. तोच द्रोण बराच वेळ टिकाव धरतो. घुमट बांधणाऱ्याची डोकेदुखी ती हीच. घुमट नुसता खाली बसायला बघत नाही, तो बाजूला पसरायला बघतो. त्याच्या कडा कुणीतरी धरून ठेवायला लागतात.

इस्तंबूलच्या सुलेमानिये मशिदीचा घुमट सुमारे साडेसव्वीस मीटर रुंद आहे आणि त्याचा माथा जमिनीपासून ५३ मीटरवर, म्हणजे रुंदीच्या दुप्पट उंचीवर. १५५७ साली ही मशीद पुरी झाली. तेव्हापासून त्या द्रोणाच्या कडा कुणी धरल्या आहेत? एवढा एकच प्रश्न खिशात टाकून आत गेलात तर ही इमारत आपणहून बोलायला लागते. नाहीतर होतं काय, की आपण मान वर करतो, ‘केवढं मोठं आहे!’ म्हणतो, चार फोटो काढतो आणि बाहेर पडून बूट शोधायला लागतो.

इस्तंबूलला गेलेला माणूस आयासोफ्या बघतो (आपण तिला हागिया सोफिया म्हणतो), समोरची निळी मशीद बघतो आणि पाय दुखायला लागले की बाजाराकडे वळतो. सुलेमानिये तिथून थोडी लांब, गोल्डन हॉर्न या खाडीवरच्या टेकडीवर आहे. चढ आहे. पण माझं स्पष्ट मत असं, की उस्मानी, म्हणजे ऑटोमन तुर्कांचं, स्थापत्य समजून घ्यायला एकच मशीद बघायची असेल तर ती हीच.

बांधवून घेणारा सुलतान सुलेमान. युरोपनं त्याला ‘वैभवशाली’ म्हटलं, तुर्क त्याला ‘कानूनी’ म्हणतात, म्हणजे कायदे घालून देणारा. १५५० साली काम सुरू झालं. काळ डोळ्यांसमोर यावा म्हणून सांगतो: त्याच्या आदल्याच वर्षी, १५४९ मध्ये, आपल्या नगरमध्ये निजामशहाच्या पदरी असलेला एक कारागीर मुलूखमैदान तोफ ओतत होता. त्याच्या नावापुढे ‘रूमी’ लागतं. उस्मानी मुलखातून आलेल्या माणसाला दख्खनमध्ये रूमी म्हणत. तोफ पुढे विजापूरला गेली. तेव्हा हा मुलूख आपल्याला अगदीच अनोळखी होता असं नाही.

बांधणारा मिमार सिनान. मिमार म्हणजे वास्तुकार. कायसेरीजवळच्या एका खेड्यातल्या ख्रिस्ती कुटुंबात जन्मलेला हा मुलगा सरकारी भरतीत उचलला गेला, मुसलमान झाला आणि जानिसारी या सुलतानाच्या खास फौजेत दाखल झाला. पुढची कित्येक वर्षं त्यानं मोहिमांवर काढली. पूल बांधणं, रस्ते करणं ही फौजेतली कामं करता करता तो तयार झाला. १५३९ मध्ये प्रमुख वास्तुकाराचं पद मिळालं तेव्हा वय पन्नाशीचं. बाकीचे लोक निवृत्तीचा विचार करतात त्या वयात यानं सुरुवात केली आणि १५८८ मध्ये मरेपर्यंत, तीन सुलतानांच्या कारकिर्दीत, तो बांधतच राहिला. तीनशेहून अधिक बांधकामं त्याच्या नावावर आहेत.

त्याच्या डोळ्यांसमोर रोज आयासोफ्या होती. सम्राट जस्टिनियननं ५३७ साली पुरं केलेलं ते चर्च १४५३ मध्ये शहर जिंकल्यावर मशीद झालं होतं. घुमट सुमारे ३१ मीटरचा, म्हणजे सुलेमानियेपेक्षाही मोठा. पण त्या घुमटाची कुंडली ठाऊक असलेला माणूस त्याच्याकडे जरा धास्तीनंच बघेल. पहिला घुमट बराच चपटा होता. भूकंपांनी तो खिळखिळा झाला आणि ५५८ मध्ये कोसळला. मग अधिक उंच, अधिक गोलसर घुमट उभारला. चपटा द्रोण जास्त पसरतो, उभट कमी, हे स्वयंपाकघरातही करून बघता येतं. दहाव्या आणि चौदाव्या शतकातही त्याचे काही भाग पडले. पुढे म्हातारपणी याच आयासोफ्याला बाहेरून टेकू बांधून सावरायचं काम सिनानकडे आलं. थोडक्यात, तो या इमारतीकडे भाविकासारखा बघत नव्हता, वैद्यासारखा बघत होता.

आता मूळ पेचाकडे येऊ. पेच दोन आहेत.

पहिला साधा वाटतो: खोली चौकोनी, झाकण गोल. चौकोनी डब्यावर गोल ताटली ठेवली तर कोपरे उघडे राहतात. यावरचा उपाय शब्दांत सांगणं अवघड, पण नारळाची करवंटी हातात असेल तर सोपं. एक मोठी करवंटी पालथी कल्पा, इतकी मोठी की खोलीचे चारही कोपरे तिच्या कडेवर येतील. भिंतींच्या बाहेर आलेला तिचा भाग चारही बाजूंनी उभा कापून टाका. चार बाजूंना चार कमानी दिसायला लागतील. आता त्या कमानींच्या माथ्याच्या पातळीवर करवंटीचं डोकं आडवं उडवा. उरलं काय? चार कोपऱ्यांत चार बाकदार त्रिकोण. प्रत्येकाचं टोक खाली, कोपऱ्यातल्या खांबावर टेकलेलं, आणि वरच्या रुंद कडा एकमेकींना मिळून पुरं वर्तुळ झालेलं. त्या वर्तुळावर घुमट ठेवायचा. या त्रिकोणांना पेंडेंटिव्ह म्हणतात. नाव विसरलात तरी चालेल, आकार लक्षात ठेवा. मशिदीत उभं राहून वर बघितलं की घुमटाच्या खाली, चार कोपऱ्यांत ते नेमके दिसतात. घुमटाचं सगळं वजन त्यांच्यातून ओघळत चार खांबांवर येतं.

विजापूरचा गोल घुमट ज्यांनी बघितलाय त्यांना इथे दुसरी युक्ती आठवेल. तिथे एकमेकींना छेदणाऱ्या आठ कमानींचं जाळं विणून चौकोनाचा गोल केला आहे. १६५६ च्या सुमारास पुऱ्या झालेल्या त्या घुमटाची आतली रुंदी सुमारे ३८ मीटर भरते, म्हणजे सुलेमानियेच काय, आयासोफ्यापेक्षाही जास्त. मग सिनानचं कौतुक कशाला? तर दोघांचा दुसऱ्या पेचावरचा उपाय वेगळा म्हणून.

दुसरा पेच द्रोणाच्या कडांचा. विजापूरच्या कारागिरांनी तीन-तीन मीटर जाडीच्या भिंती उभ्या केल्या आणि वरच्या कमानींचा भार आतल्या बाजूला झुकवून बाहेरच्या रेट्याला शह दिला. कबर आहे, आत गर्दी मावायला नको, उजेडही बेताचाच पुरतो. सुलतानाच्या जुम्मा मशिदीला हे चालणार नव्हतं. हजारो माणसं एका छताखाली, शक्यतो मध्ये काही आड न येता, रांगा धरून उभी राहायला हवीत, आणि उजेड भरपूर हवा. म्हणजे भिंती जाड करायच्या नाहीत, उलट त्यांना खिडक्या पाडायच्या. आणि तरीही कडा धरायच्या.

सिनाननं काय केलं ते बाहेरून जास्त नीट कळतं, म्हणून आत शिरायची घाई करू नका. मशिदीला एक वळसा घाला. मुख्य घुमटाच्या पुढे आणि मागे एकेक अर्धा घुमट टेकलेला दिसेल. दार अडवायला खांदा लावून उभं राहावं तसे हे दोघे दोन बाजूंनी मोठ्या घुमटाला रेटून धरतात. त्यांचा रेटा त्याहून लहान अर्धघुमटांवर, तो पुढे भिंतींवर, असा तो पायरी-पायरीनं जमिनीत उतरतो. आपल्याकडच्या मडक्यांच्या उतरंडीत मोठं खाली आणि लहान वर. इथे उतरंड उलटी आहे, मोठा घुमट वर आणि लहान लहान होत गेलेले खाली. दुरून मशीद टेकडीसारखी दिसते त्याचं कारण हे. तो आकार शोभेसाठी काढलेला नाही, वजन ज्या वाटेनं उतरतं ती वाटच बाहेर दिसते आहे.

घुमटाच्या चार कोपऱ्यांवर छोटे अष्टकोनी बुरूज आहेत, वर टोपी घातलेले. ते नक्षीकाम समजून पुढे जाऊ नका. उडून जाऊ नये म्हणून पत्र्यावर दगड ठेवतो ना, तसलाच प्रकार. प्रत्येक बुरूज एका खांबाच्या डोक्यावर बसला आहे. घुमटाचा तिरका रेटा खांबाला बाहेर ढकलायला बघतो आणि बुरुजाचं वजन त्याला सरळ खाली दाबून ठेवतं.

उरल्या डाव्या-उजव्या बाजू. तिथे अर्धा घुमट नाही. तिथे प्रचंड कमान आहे आणि तिच्या पोटात खिडक्यांनी भरलेली पातळ भिंत. मग त्या बाजूचा रेटा कोण घेतं? भिंतीला काटकोनात टेकवलेले जाडजूड टेकू घेतात. आयासोफ्यात असे टेकू बाहेरून अंगावर आल्यासारखे दिसतात, घर पडू नये म्हणून वासे लावावेत तसे. सिनाननं ते निम्मे आत, निम्मे बाहेर असे भिंतीतच विभागले आणि त्यांच्यामधल्या जागेत बाहेरच्या बाजूला दुमजली सज्जे बांधले. बघणाऱ्याला खांब आणि कमानींची छान ओळ दिसते, टेकू दिसतच नाहीत. सज्जांखाली नमाजापूर्वी हातपाय धुवायच्या तोट्या आहेत. लोक पाय धुतात त्याच्या शेजारीच ५३ मीटर उंचीवरचा रेटा निमूटपणे जमिनीत उतरत असतो. मला या मशिदीतली सगळ्यात आवडती जागा हीच.

सामानाबद्दल दोन शब्द. खांब आणि भिंती दगडाच्या, घुमट मात्र विटांचा, कारण वर जितकं हलकं तितकं बरं. दगड एकमेकांना लोखंडी कड्यांनी जोडून त्या खाचांत वितळलेलं शिसं ओतलेलं असतं. शिसं लोखंडाला गंजू देत नाही आणि भूकंपाच्या हादऱ्याला थोडं दबून घेतं. घुमटांवरचा करडा रंगही शिशाच्याच पत्र्यांचा. तरीही सगळं निभावलं असं नाही. १६६० च्या आगीत मशिदीचं नुकसान झालं, १७६६ च्या भूकंपात घुमटाचा काही भाग पडला, पहिल्या महायुद्धात अंगणात दारूगोळा ठेवला होता त्याला आग लागली. घुमटाच्या आतलं आजचं रंगकाम बरंचसं नंतरच्या दुरुस्त्यांमधलं आहे, ते सिनानच्या खात्यावर मांडू नका.

आता आत जाऊ. तिकीट नाही. नमाजाच्या वेळी पर्यटकांना थांबवतात, शुक्रवारी दुपारी तर जास्तच वेळ, म्हणून सकाळ बरी. खांदे आणि गुडघे झाकलेले हवेत. बायकांनी डोक्यावरून ओढणी घ्यायची, पर्समध्ये एखादी ठेवली की झालं. बूट काढून गालिच्यावर पाय ठेवा. कुणी नमाज पढत असेल तर त्याच्या समोरून जायचं नाही, मागून जायचं. देवळात प्रदक्षिणेच्या वाटेत बसू नये हे जसं आपल्याला कुणी शिकवावं लागत नाही, तसलंच हे.

दिशेचा एक गोंधळ आधीच मिटवतो. आपल्याकडच्या मशिदींचं तोंड पश्चिमेला असतं, म्हणून पश्चिम हीच नमाजाची दिशा असं बऱ्याच जणांना वाटतं. दिशा मक्केची असते. इस्तंबूलहून मक्का आग्नेयेला, म्हणून इथली किब्ल्याची, म्हणजे मक्केकडची, भिंत आग्नेयेला. त्या भिंतीतला कोनाडा म्हणजे मेहराब, शेजारचा उंच जिना असलेला संगमरवरी मिंबर प्रवचनासाठी. सुलतानासाठी वेगळा सज्जा डावीकडे आहे.

मध्यभागी घुमटाखाली उभं राहा आणि लगेच वर बघू नका. आधी समोर बघा. चार मोठे खांब कुठे आहेत ते शोधा. शोधावे लागतात, हीच सिनानची करामत. ते मधोमध उभे नाहीत, बाजूला सरकलेले आहेत, आणि बाजूच्या दालनांवर लहान-मोठे घुमट आलटून पालटून ठेवल्यामुळे दालनं मुख्य जागेतच मिसळून जातात. पुढे १६१६ मध्ये पुऱ्या झालेल्या निळ्या मशिदीत याच्याशी तुलना करून बघा. तिथले गोल खांब इतके जाड आहेत की लोक त्यांना हत्तीचे पाय म्हणतात. टाईल्स खूप, मिनार सहा, पण जागेत मध्येच चार हत्ती उभे. भरजरी शालू आणि अंगावर नीट बसलेली साधी इरकल यांच्यात जो फरक, तो या दोन मशिदींत आहे. शालू आवडणाऱ्यांशी माझं भांडण नाही.

इथे सजावट बेतानं आहे. इझनिकच्या टाईल्स फक्त मेहराबच्या भिंतीवर, पण त्यांतला टोमॅटोसारखा लाल रंग जवळून बघा. तो किंचित उठावदार असतो. हा लाल तेव्हा नवा होता आणि फार तर पन्नास-साठ वर्षं तो इतका तजेलदार निघाला. रंगीत काचांच्या खिडक्या इब्राहिम नावाच्या कारागिराच्या, ज्याला लोक ‘सारहोश’ म्हणजे दारुडा इब्राहिम म्हणत. मशिदीच्या काचा दारुड्यानं घडवाव्यात आणि ते नाव इतिहासात तसंच राहावं, याची मला मोठी गंमत वाटते. घुमटाच्या मध्यावर कुराणातली आयत आहे. तिचा आशय असा: आकाश आणि पृथ्वी ढळू नयेत म्हणून अल्ला त्यांना धरून ठेवतो. घुमटाखाली उभ्या असलेल्या माणसाला एवढं नेमकं वचन दुसरं कुठलं सुचलं असतं?

दिवे खूप खाली लोंबकळतात, हात उंचावला की जवळजवळ लागतील. पूर्वी ते तेलाचे होते, उजेड माणसांना हवा होता, घुमटाला नाही. शेकडो दिव्यांची काजळी मात्र होणारच. हवेचा झोत अशा रीतीनं खेळवला होता, की ती मुख्य दारावरच्या एका खोलीत जमा व्हावी. तिथून खरवडून तिची शाई करत. दिव्यांमध्ये शहामृगाची अंडी टांगलेली असत, त्यानं कोळी जाळी धरत नाहीत असं सांगतात. कोळ्यांचं मत मी विचारलेलं नाही.

आवाजाची गोष्टही अशीच. गोल घुमटात टाळी वाजवली की ती पुन्हा पुन्हा परत येते, आणि शाळेच्या सहलीत आपण सगळ्यांनी ती वाजवलेली असते. मशिदीत तसं झालं तर इमामाचा एक शब्द कळणार नाही. म्हणून सुलेमानियेच्या घुमटात मातीची पोकळ मडकी तोंड आत करून चिणलेली आहेत. रिकाम्या बाटलीच्या तोंडाशी फुंकर घातली की एकच सूर निघतो, तसा प्रत्येक पोकळ भांड्याचा आपला सूर असतो. त्या सुराचा आवाज ते भांडं थोडा पिऊन टाकतं. यावर एक दंतकथा आहे. सिनान मशिदीत बसून हुक्का ओढतो अशी चहाडी सुलतानाकडे गेली. सुलतान तावातावानं आला तर हुक्क्यात तंबाखूच नव्हती, नुसतं पाणी. बुडबुड्यांचा आवाज कुठवर पोहोचतो ते म्हातारा तपासत होता. तंबाखू त्या देशात रुळली ती यानंतर निदान चार दशकांनी, तेव्हा कथा मागाहून रचलेली आहे हे उघड. पण रचणाऱ्याला मशिदीतली खरी मेख कळली होती.

बाहेर पडताना लक्षात येतं, की मशीद एकटी नाही. भोवती मदरसे, इस्पितळ, वैद्यक शिकवायची शाळा, लहान मुलांची शाळा, अन्नछत्र, वाटसरूंची धर्मशाळा, हमाम असा सगळा परिवार आहे. त्याला कुल्लिये म्हणतात. बांधकामाच्या हिशेबाच्या वह्या टिकून आहेत आणि त्यांवरून दिसतं, की राबणाऱ्या कारागिरांत जवळजवळ निम्मे ख्रिस्ती होते. मदरशांच्या ओळीत एके काळी अफूबाजांची दुकानं होती. आता तिथे कुरू फासुल्ये मिळतं, म्हणजे टोमॅटोच्या रश्श्यातल्या घेवड्याच्या पांढऱ्या बिया, सोबत भात. आपल्या उसळ-भाताची आठवण आल्याशिवाय राहत नाही, फक्त तिखट कमी.

मशिदीच्या मागे सुलेमान आणि त्याची बायको हुर्रेम यांच्या कबरी आहेत. सिनानची तिथे नाही. ती आवाराच्या बाहेर, दोन रस्त्यांच्या बेचक्यातल्या तिकोनी तुकड्यावर आहे, इतकी लहान की माहीत नसेल तर चालता चालता मागे पडते.

तिथून उतरून खाडीवरच्या गालाता पुलावर या. संध्याकाळ असेल तर उत्तम. मागे वळलात की ती उलटी उतरंड टेकडीवर बसलेली दिसेल. आता मिनार मोजा: चार. अंगणाच्या दोन टोकांचे ठेंगणे, मशिदीला चिकटलेले दोन उंच. त्यांच्यावरचे सज्जे मोजा, उंच मिनारांना तीन-तीन, ठेंगण्यांना दोन-दोन. शहर जिंकल्यापासून सुलेमान इथला चौथा सुलतान आणि घराण्यातला दहावा, म्हणून ही संख्या असं तिथे सांगतात. दुरून एखादा सज्जा निसटतो. मला पहिल्यांदा नऊच भरले होते.